एका आवर्तनात मावणारे रेखाटन

मैफलीत बसून गाणाऱ्याचे चित्र काढायचे असेल, तर त्याच्या चेहऱ्याइतकेच तबल्याच्या ठेक्याकडेही लक्ष ठेवावे लागते. चित्रकला महाविद्यालयात ही गोष्ट शिकवली जात नाही आणि शिकवण्याचे तसे कारणही नाही, कारण वर्गातील मॉडेल एका जागी बसून राहते, ठरलेल्या वेळाने विश्रांती घेते आणि पुन्हा खडूने आखलेल्या खुणांवर पाय ठेवून त्याच अवस्थेत बसते. गाणारा माणूस आपल्यासाठी बसलेला नसतो. त्याचा हात वर जातो, मान वळते, डोळे मिटतात, आणि आपण कागदावरून नजर उचलेपर्यंत सगळे बदललेले असते. मी पुण्यात रेखा व रंगकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा वर्ग, संध्याकाळी जिथे मिळेल तिथे गाणे आणि रात्री स्वतःचे काम असा माझा क्रम बसला आहे, आणि त्यातूनच यंदाच्या वार्षिक प्रकल्पाने आकार घेतला.

दिवसाची सुरुवात स्केचिंगने होते. दर आठवड्याला ठरावीक संख्येने रेखाटने दाखवावी लागतात, आणि ती खोलीत बसून छायाचित्रांवरून केलेली असतील तर आमच्या सरांना पहिल्याच पानावर कळते. त्यामुळे वर्ग भरण्याआधी आमची हजेरी महात्मा फुले मंडईत लागते. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत सकाळचा प्रकाश तिरपा येतो, ओट्यावर बसलेल्या माणसांच्या सावल्या स्वच्छ पडतात आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला भाजीवाला आपल्याकडे बघत नाही. अर्थात सगळेच तसे नसतात. कोथिंबिरीच्या जुड्या लावणाऱ्या एका मावशींनी माझ्या हातातली वही ओढून घेऊन "माझं नाक एवढं मोठं हाय व्हय?" असे विचारले होते आणि शेजारच्या ओट्यावरून एकमताने "हाय" असे उत्तर आले होते. दुसरे ठिकाण म्हणजे स्वारगेटचे एसटी स्थानक. तिथे पिशवी उशाशी घेऊन झोपलेली माणसे अजिबात हलत नाहीत, म्हणून पुण्यातल्या कलाविद्यार्थ्यांच्या वह्या झोपलेल्या प्रवाशांनी भरलेल्या असतात. या सवयीचा एक तोटा असा, की स्थिर माणूस काढण्यात हात तयार होतो आणि हलणारा माणूस समोर आला की तोच हात अडखळतो.

वर्गातील कामाबद्दल फार लिहीत नाही. हेड स्टडी, लाइफ क्लास, कंपोझिशन, मग सबमिशनच्या आधीचा आठवडा आणि त्या आठवड्यात संपूर्ण वसतिगृहात पसरलेला टर्पेंटाइनचा वास, हे सगळीकडे सारखेच असते. खर्चाचे मात्र सांगायला हवे. कागद, कॅनव्हास आणि रंग यांचा हिशेब खाणावळीच्या डब्यापेक्षा जास्त भरतो, म्हणून आमच्यापैकी बरेच जण गणपतीच्या आधी मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचे काम घेतात. बारीक ब्रशने एका दमात पापणीची रेषा ओढायची, हात थरथरला तर सगळी मूर्ती पुन्हा रंगवायची. ज्याने एक हंगाम आखणी केली, त्याची रेषा वर्गात लगेच ओळखू येते. श्वास कुठे सोडायचा आणि कुठे रोखायचा हे त्याला ठाऊक झालेले असते, आणि मैफलीतल्या रेखाटनाला हेच लागते.

गाण्याशी माझा संबंध शिकण्यातून आलेला नाही, गावामुळे आला. मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकरांच्या दुकानांसमोर वाळत घातलेले भोपळे दिसणे ही रोजची गोष्ट. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारे हे भोपळे कापून, आतून साफ करून, त्यांना लाकडी दांडी जोडून तंबोरा उभा करणारी घराणी पूर्वी हत्यारांना धार लावण्याचे आणि ती घडवण्याचे काम करीत असत. तलवारी गेल्या आणि त्याच हातांनी वाद्ये धरली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लहानपणी मला तिथले सर्वांत विलक्षण काम वाटे ते जवारी काढण्याचे, म्हणजे तारेच्या आवाजाला गुंजारव देण्याचे. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेने इतका हलका घासायचा, की तारेचा कंप घोडीला निसटता स्पर्श करीत राहील, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत आवाज उघडेपर्यंत थांबायचे. कारागीर घासतो हाताने, पण थांबायचे कधी ते ठरवतो कान. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे १९३७ साली निधन झाल्यावर त्यांना मिरजेतच ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले, आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. लहानपणी त्या सभेला आईच्या मांडीवर झोपण्यासाठी जात होते, असेच म्हणणे खरे होईल.

पुण्यात आल्यावर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पहिल्यांदा गेले, तेव्हा या दोन गावांमधला धागा लक्षात आला. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव आज मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात भरतो, आणि त्याआधी बरीच वर्षे तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. डिसेंबरची थंडी, शाली, कानटोप्या, मांडवाच्या कडेचे खाण्याचे स्टॉल आणि भारतीय बैठकीत जागा धरण्यासाठी दुपारपासून अंथरलेल्या सतरंज्या हे वर्णन इतक्या वेळा लिहिले गेले आहे, की त्यात भर घालत नाही. मला त्या मांडवात एक वर्ग सापडला, त्याबद्दल लिहिते.

सुरुवातीला मी प्रत्येक हालचाल पकडू पाहत असे. पानावर अर्धवट दंड, डोक्याविना मान, कुणाचा आहे हे न कळणारा पंजा असा सगळा पसारा होई. शेजारी बसलेले एक आजोबा मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होते. बराच वेळ माझी धांदल बघून ते हळूच म्हणाले, "बाळ, एवढी घाई कशाला करतेस? सम येऊ दे, हात परत तिथंच येणार आहे." सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याची, आवर्तनाची, पहिली मात्रा, पहिला ठोका. मी तबल्याकडे कान दिला आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात बारा मात्रा असतात, आणि अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचे. त्या मिनिटात गायक आलापीत, म्हणजे संथ स्वरविस्तारात, कुठेही फिरून आला, तरी शेवटच्या मात्रांवर बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, घेऊन त्याला समेवर यावेच लागते. मुखडा तोच, म्हणून तो घेताना खांद्याची उचल जवळपास तीच, समेवर हाताचे पडणेही तेच, आणि त्या क्षणी तबलजीची मान ज्या बाजूला कलते तीही तीच. वर्गातील मॉडेल विश्रांतीनंतर आपल्या खुणांवर परतते, इथे गायक दर आवर्तनाला परततो.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. एका पानावर आता तीन आकृत्या एकाच वेळी चालू असतात. डावीकडे आलापीतील बैठक, मध्ये मुखडा उचलतानाचा क्षण आणि उजवीकडे सम. समोर जी अवस्था असेल तिच्यात एक-दोन रेषा घालायच्या आणि ती सरली की दुसरीकडे वळायचे. 'धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना' या ठेक्यात 'तिरकिट' दोनदा येते. दुसरे 'तिरकिट' कानावर पडले, की समेला दोनच मात्रा उरल्या हे कळते आणि पेन्सिल उजवीकडच्या आकृतीवर जाऊन थांबते. समेच्या क्षणी दिसलेली एखादीच गोष्ट टिपायची, म्हणजे या वेळी मनगटाचा कोन, पुढच्या वेळी हनुवटी, त्याच्या पुढच्या वेळी मांडीवरच्या दुसऱ्या हाताची मूठ. बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतील मुख्य गायन, अर्धा-पाऊण तास चालला, तर तिन्ही आकृत्या पुऱ्या होतात. मात्र त्या कोणत्याही एका क्षणाच्या नसतात. प्रत्येकीत अनेक समा एकावर एक बसलेल्या असतात, आणि छायाचित्रात जी गोष्ट येऊ शकत नाही ती मला इथे मिळते.

ही सोय सगळीकडे सारखी मिळत नाही. किराणा घराण्याच्या संथ आलापीत चित्रकाराला भरपूर अवकाश असतो. जयपूर-अत्रौली गायकीत विलंबित त्रिताल वाहता असतो, स्वरांची गुंफण सलग चालते आणि गायकाचा हात एखादे वळण पुरे होण्याआधीच पुढच्या वळणावर गेलेला असतो, तिथे मी फक्त हाताचे मार्ग काढते, माणूस काढीत नाही. द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश सुरू झाली की वही मिटून ऐकते. ढोल-ताशा पथकांच्या सरावालाही मी नदीकाठी वही घेऊन गेले होते, पण तिथे एकेका वादकाचे रेखाटन करण्यात काही अर्थ नाही असे माझे ठाम मत झाले आहे. ते चित्र माणसांचे नसून ढोल वाजवायच्या पन्नास टिपरूंच्या एका तिरक्या रेषेचे आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी गायकापासून दूर राहावे आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांपासून आरंभ करावा, असे मी आमच्या कनिष्ठ वर्गातील मुलांना सांगते. मधले बोट पहिल्या तारेवर आणि तर्जनी उरलेल्या तीन तारांवर, एवढीच त्यांची हालचाल, आणि तीही अखंड सारखी. त्यांच्या चेहऱ्यावर गुरूच्या गाण्याचे प्रतिबिंब पडत असते हा वेगळा लाभ. संवादिनीवाल्याचा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असल्याने त्याचा खांदा नेहमी थोडा वाकडा असतो, तो वाकडेपणा सापडला की माणूस सापडतो. हिंदुस्तानी पद्धतीने व्हायोलिन वाजवणारा मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पायाच्या घोट्यापाशी टेकवतो, त्यामुळे खांद्यापासून पायापर्यंत एक सुंदर तिरपी रेषा तयार मिळते. गायकाच्या बाबतीत मोठी अडचण ध्वनिक्षेपकाची. तोंड आणि हनुवटी नेमकी त्याच्याआड जातात. बाजूला लावलेल्या मोठ्या पडद्यावर चेहरा स्पष्ट दिसतो आणि मोह होतो, पण पडद्यावरून काढलेले चित्र पडद्याचेच होते. कॅमेऱ्याने आधीच निवडलेली चौकट आपण पुन्हा गिरवतो आणि गायक ज्या अवकाशात बसला आहे तो अवकाश हातून जातो.

साहित्याबद्दल एवढेच, की चारकोल मांडवात नेऊ नये. त्याची भुकटी शेजाऱ्याच्या पांढऱ्या शालीवर गेल्यास गाणे बाजूला राहते, आणि चारकोल कागदावर पक्का करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा तिथे मारताच येत नाही. मऊ शिशाची पेन्सिल, एक ब्रश पेन आणि जाड कागदाची लहान वही पुरते. पान उलटायचे ते दाद देण्याच्या गडबडीत, कारण षड्ज, म्हणजे 'सा', लागत असताना कागदाची करकर ऐकून मागची मंडळी ज्या नजरेने बघतात ती सहन होण्यासारखी नसते.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद होतो, एखाद्या दिवशी परवानगी असली तर बारापर्यंत चालतो. पूर्वी हाच महोत्सव रात्रभर रंगत असे आणि पहाटे संपत असे. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला मांडवात ऐकण्याचे भाग्य त्यामुळे आमच्या पिढीला नाही. नियमाची गरज मला पटते, शेजारी रुग्णालय असेल तर आणखीच पटते. तरीही पहाटेच्या ललत रागासाठी रात्रभर जागलेल्या, शालीत गुरफटलेल्या श्रोत्यांची रेखाटने करायला मिळाली असती तर स्वारगेटवर मिळवलेले सगळे कौशल्य कामी आले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

महाविद्यालयांमध्ये संगीत आणि चित्रकला एकत्र आणण्याचा आमच्याकडचा मोठा प्रसंग म्हणजे फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. एकाच संहितेत नाट्य, नृत्य, गायन, वादन, चित्र, शिल्प, रांगोळी असे बरेच काही गुंफायचे आणि ठरलेल्या वेळेत सादर करायचे ही त्याची रीत. त्या तालमींत मी खूप शिकले. प्रकाशयोजना करणाऱ्याशी कसे बोलावे, ओला रंग रंगमंचावर किती लवकर वाळतो आणि विंगेत अंधारात ब्रश कसे शोधावेत, ही माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. पण तिथे चित्रकाराच्या वाट्याला बहुधा एकच काम येते. मागे कॅनव्हास लावून संगीत टिपेला जाईपर्यंत झपाट्याने चित्र पुरे करायचे, आणि शेवटी ते उलटे करून त्यात चेहरा दाखवायचा. टाळ्या हमखास पडतात. मला हा प्रकार जादूच्या खेळाच्या जवळचा वाटतो. त्यात चित्र संगीताच्या वेळेत संपते, पण संगीत ऐकून काढलेले नसते. पार्श्वसंगीत बदलले तरी एकही रेषा बदलणार नाही.

मग संगीत आणि चित्र यांचे खरे नाते कसे असते, हे शोधताना साहजिकच रागमाला चित्रांपाशी, म्हणजे रागांना व्यक्तिरूप देणाऱ्या जुन्या लघुचित्रांपाशी, गेले. तोडी रागिणी वीणा घेऊन रानात उभी असते आणि तिच्याभोवती हरणे गोळा होतात, हिंदोलात झोपाळा असतो, मेघात पाऊस. दख्खनमध्येही सोळाव्या शतकाच्या अखेरीस अप्रतिम रागमाला झाल्या. त्या चित्रांत रागाचे रूप आहे, पण तो गाणाऱ्याचे कष्ट नाहीत, कपाळावरची शीर नाही, घाम नाही. मला जे हवे होते त्याच्या जवळचे उत्तर सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत मिळाले. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा म्हणजे चित्र आणि जिवंत संगीत यांचा एकत्र खेळ. रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची पोथी समोर ठेवायची, वीणा, टाळ आणि हुडुक हे लहान चर्मवाद्य यांच्या साथीने कथा गात जायची आणि प्रसंग पुढे सरकला की चित्र बदलायचे. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने तिथे ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले आहे. तिथे मला जाणवले ते असे, की चित्रकथीचे चित्र एकटे बघायचेच नसते. मध्ये मोकळी सोडलेली जागा, एकमेकांकडे बघणारी मोठ्या डोळ्यांची पात्रे, हे सगळे गाण्यासाठी रिकामे ठेवलेले आहे. जे कथेकऱ्याच्या गळ्यातून येणार, ते चित्रकाराने काढलेले नाही.

वार्षिक प्रकल्प ठरला तो पिंगुळीहून परतल्यावर. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गायन शिकणारी माझी मैत्रीण आणि तिचा तबला वाजवणारा वर्गमित्र यांना मी गळ घातली. मैफलींतील रेखाटनांवरून कार्ट्रिज कागदाच्या लांब पट्टीवर शाईने चित्रे काढायची, ती पट्टी लाकडी पेटीतल्या दोन रुळांवर गुंडाळायची आणि समोर विलंबित एकताल चालू असताना हाताने फिरवायची. पट्टीचा ठरावीक भाग म्हणजे एक आवर्तन. समेच्या जागी दाट काळी आकृती, आलापीच्या जागी विरळ होत जाणारी रेषा, आणि खालीच्या, म्हणजे तालातील बिनजोराच्या, मात्रांवर नुसता कागद. गायिका पट्टीकडे बघत नाही. पट्टी फिरवणाऱ्याने, म्हणजे मी, ठेका ऐकून सम आणि आकृती यांची गाठ घालायची.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात विलंबित लय सुरुवातीला जेवढी असते तेवढी शेवटपर्यंत राहत नाही, ती हळूहळू वाढत जाते आणि ती कोणत्या क्षणी वाढली हे तबलजीला विचारले तर तोही हसतो. त्यामुळे पुढच्या आवर्तनांचे भाग किंचित आखूड करीत नेले. कधी गायिका समेच्या आधीच एखादी जागा अशी घेते, की हात आपोआप थांबतो, आणि मग उरलेली पट्टी दीड मात्रेत ओढावी लागते. पहिल्या तालमींत रुळांची करकर तंबोऱ्यावर मात करीत होती, तेव्हा "आधी तुझ्या पेटीची जवारी काढ," असे मैत्रीण म्हणाली. रुळांच्या टोकांना मेण चोळले, आत लोकरीच्या पट्ट्या बसवल्या आणि आवाज गेला.

ज्युरीच्या वेळी एका परीक्षकांनी विचारले, की याला चित्र म्हणायचे की प्रयोग, आणि भिंतीवर लावल्यास याचे काय उरते. प्रश्न रास्त होता. भिंतीवर लावल्यास एक लांब पट्टी उरते, तिच्यात अंतराअंतरावर काळे ठिपके दिसतात आणि ते का आहेत हे कळत नाही. मला तसेच हवे होते, असे मी सांगितले आणि पेटी सुरू केली. गुण बरे मिळाले. त्याहून कामाची सूचना तबलावाल्याकडून आली. त्याच्या मते पट्टी एकताल दाखवते, पण राग दाखवत नाही, पूरिया गा की यमन गा, पट्टी तीच फिरणार. फिरोदियातल्या चित्रांवर मी घेतलेला आक्षेपच त्याने माझ्यावर उलटवला होता. सध्या संध्याकाळच्या रागासाठी वेगळी पट्टी करीत आहे, तीत षड्ज बराच वेळ दिसतच नाही, म्हणजे समेची आकृतीही पुरी काळी होत नाही, तिच्या भोवतीचा कागद काळा होत जातो. शाई जास्त लागते आणि कागद ओला होऊन रुळावर फुगतो, त्यावर उपाय म्हणून सुती कापडावर अस्तर देऊन बघणार आहे. कापड कुणाकडे स्वस्त मिळेल याची चौकशी रविवार पेठेत चालू आहे.